मोसंबी आंबट नसते

दवाखान्यातून मिळालेल्या कागदावर चार गोष्टींना मनाई होती: आंबट, तिखट, कडक आणि कढत. तेजस्विनीनं तो कागद फ्रिजच्या दारावर चिकटवला आणि त्याच संध्याकाळी घरातली लिंबं, चिंच, दही, टोमॅटो आणि लोणच्याच्या दोन बरण्या शेजारच्या भागीबाईंना देऊन टाकल्या. अर्धवट काम करायचा तिचा स्वभावच नव्हता. तिखट-मसाल्याचे डबे माळ्यावर गेले आणि तिचा नवरा गोरक्ष रोज फिक्कं वरण गिळायला लागला. त्यानं एका शब्दानं कुरकुर केली नाही, कारण कागद त्याच्या वडिलांसाठी होता.

फळांच्या टोपलीतल्या मोसंब्या तेवढ्या जागच्या जागी राहिल्या. त्या उचलाव्यात असं तिच्याच काय, कुणाच्याही मनात आलं नसतं. आपल्याकडे आजाऱ्याला बघायला जाणारा माणूस एक तर सल्ला घेऊन जातो, नाहीतर मोसंब्या. बहुतेक जण दोन्ही घेऊन जातात. टायफॉइड झालेला, पाय मोडलेला, पोट कापलेला, सगळ्यांना मोसंबी चालते. पिंपळगावहून चुलत सासरे हिरामण आले ते दोन डझन घेऊन आले, वर म्हणाले, "रस पाजत जा याला. ताकद येती." कागद वाचून दाखवला असता तरी त्यांनी हेच म्हटलं असतं.

आजारी होते ते सोमनाथ, म्हणजे तिचे सासरे, आप्पा. अंबडच्या कारखान्यात एकोणतीस वर्षं लेथवर उभे राहिले, आणि त्यातली अठ्ठावीस वर्षं डाव्या गालात तंबाखूचा बार धरून. बायको गोजराबाई भांडून थकल्या आणि गेल्या. मग ते भांडण गोरक्षनं चालवायला घेतलं. तोही अंबडलाच नोकरीला होता. बापलेक एकाच रस्त्यानं कामाला जात आणि रस्ताभर तंबाखूवरून एकमेकांशी बोलत नसत. शेवटी त्या डाव्या गालातच गाठ निघाली. ऑपरेशनच्या आदल्या दिवशी गोरक्ष वडिलांच्या पलंगापाशी उभा राहून म्हणाला होता, "याच्यापुढं तुमच्या तोंडात तंबाखू दिसली तर मला मुलगा म्हणू नका." आप्पांनी मान हलवली होती. त्या दिवसापासून त्यांनी तंबाखूच्या पुडीकडे बघितलंसुद्धा नव्हतं, हे तेजस्विनीला पक्कं ठाऊक होतं. दिवसभर घरात तीच तर असायची.

ऑपरेशननंतर रेडिएशन सुरू झालं. आप्पा त्याला शेक म्हणत. तीस शेक घ्यायचे होते, आठवड्याला पाच. दहाव्या शेकापर्यंत त्यांच्या जिभेची चव पार गेली. खिमट खाल्लं तरी ओली माती, शिरा खाल्ला तरी ओली माती. दोन घास झाले की ते ताट बाजूला सारत. एकावन्न किलोचे आप्पा सत्तेचाळीसवर आले तेव्हा डॉक्टर म्हणाले, "पंचेचाळीसच्या खाली गेलं तर नाकातून नळी टाकावी लागेल."

घरी आल्यावर आप्पांनी तेजस्विनीला जवळ बोलावलं. "गोजराला नळी घातली व्हती," ते म्हणाले. "अकरा दिवस. मग नळी अन् ती संगंच गेली. मला नळी नको, तेजू. बाकी काय बी कर."

तेव्हापासून तिच्यापुढं दुसरं काही उरलं नाही. आप्पांनी तोंडानं खाल्लं पाहिजे. सकाळी डोळे उघडले की तिला आधी तो काट्यावरचा आकडा दिसायचा.

तेजस्विनी घरी चॉकलेटं करायची. लग्नाआधी तिनं एक क्लास केला होता आणि सिडकोतल्या तिच्या दोन खोल्यांमधून वाढदिवसाच्या, बारशाच्या ऑर्डरी जायच्या. आप्पांच्या आजारात तिनं ते सगळं बंद केलं होतं. एका दुपारी रिकामे साचे पुसताना तिला वाटलं, लोणी, साय, साखर, सगळं एका घोटात जाईल आणि दातांना काहीच करावं लागणार नाही, असं आपल्या हातात आहे की! काळं चॉकलेट कडू, ते नको. पांढरं नुसतंच गोड, आप्पांना ते मातीच लागेल. त्याला काहीतरी वास पाहिजे. तिनं टोपलीकडे बघितलं.

दुसऱ्या दिवशी ती द्वारका चौकातल्या दुकानात जाऊन पांढऱ्या चॉकलेटची लादी घेऊन आली. मोसंबीचा रस घालून भागत नाही. रसानं क्रीम फाटतं, आणि वितळलेल्या चॉकलेटमध्ये पाण्याचा थेंब पडला तरी त्याचा गोळा होतो आणि सगळा घाणा फुकट जातो. वास असतो सालीत, तोही अगदी वरच्या पापुद्र्यात. खालचा पांढरा भाग किसला गेला की कडवटपणा उतरतो. तिनं बारीक किसणीवर चार मोसंब्यांची साल किसली, किस कोमट क्रीममध्ये अर्धा तास झाकून ठेवला. चॉकलेट उकळत्या पाण्यावर भांडं धरून वितळवलं, गाळलेलं क्रीम आणि थोडं लोणी त्यात घालून ढवळत राहिली. घरभर मोसंबीचा वास सुटला. मिश्रण फ्रिजमध्ये आळल्यावर तळहाताला लोणी लावून सुपारीएवढे गोळे वळले आणि पिठीसाखरेत घोळवले. वळायचं काम ती गोजराबाईंकडून रव्याच्या लाडवांवर शिकली होती, त्यामुळे गोळे एकसारखे झाले.

"हे काय?" आप्पांनी विचारलं.

"ट्रफल म्हणतात. चावायचं नाही. जिभेवर ठेवायचं नुसतं."

"विलायती लाडू हाय म्हण की."

त्यांनी गोळा जिभेवर ठेवला आणि डोळे मिटले. बराच वेळ काही झालं नाही. मग आप्पांच्या भुवया वर गेल्या.

"मोसंबी," ते म्हणाले. "मोसंबी हाय नाय का?"

तिला रडूच आलं. कित्येक दिवसांत मातीशिवाय दुसऱ्या कशाचं नाव त्यांनी पहिल्यांदा घेतलं होतं. ती पदराआड तोंड करून ओट्याकडे वळली. आप्पांनी आणखी एक मागून घेतला, आणि तो खरोखरच आनंदानं खाल्ला होता, याबद्दल तिला पुढंही कधी शंका वाटली नाही. तो पहिला दिवस खरा होता.

मग रोजचा रिवाज पडला. सकाळी दोन, दुपारी दोन, संध्याकाळी दोन. एका गोळ्यात साय किती, लोणी किती, हे ती मनात मोजायची आणि खूश व्हायची. सोमवारी वजन सत्तेचाळीसलाच थांबलेलं निघालं. डॉक्टर म्हणाले, "वा, काय चाललंय तेच चालू ठेवा." तिनं ते वाक्य गोरक्षला दोनदा सांगितलं. गोरक्ष सहसा कुणाचं कौतुक करत नसे, पण त्या दिवशी डबा ठेवताना म्हणाला, "तू होतीस म्हणून."

चौथ्या आठवड्यात आप्पा एकदा म्हणाले, "कमी लागतो वास आता." शेकानं जीभ आणखी मेली असणार, असा तिनं अंदाज बांधला आणि हात सैल सोडला. चाराच्या जागी आठ मोसंब्यांची साल किसली, क्रीम गाळायचं सोडून किस तसाच आत राहू दिला, आणि सालीची उन्हात वाळवून केलेली पूड पिठीसाखरेत मिसळून गोळे त्यात घोळवले. दिसायला सुरेख दिसत, पिवळसर हिरवे ठिपके पडलेले. आप्पांनी तो पहिला गोळा तोंडात टाकला आणि ते एकदम उठून गॅलरीत गेले.

"आवडलं नाही का?" तिनं मागून विचारलं.

"लय भारी," ते पाठ न वळवता म्हणाले. "मला हितंच बसून खाऊ दे. उन्हात बरं वाटतं."

त्यानंतर ते गॅलरीतच खाऊ लागले. थंडीचे दिवस, गॅलरीत कोवळं ऊन, माणसाला बसावंसं वाटणारच. डबी रिकामी होऊन यायची. कधी डोळ्यांत पाणी असायचं. एकदा तिनं विचारलं तेव्हा म्हणाले, "गोजराची आठवण आली." तिला भरून आलं. आपल्या हातच्या गोळ्यानं म्हाताऱ्याला बायको आठवते, याचा तिला मनातून अभिमानसुद्धा वाटला, हे लपवण्यात अर्थ नाही. शेकानं तोंडात पडलेले चट्टे वाढले होते, बोलणं कमी झालं होतं. डॉक्टरांनी मलम बदलून दिलं आणि शेकानं असं होतंच म्हणाले. वजन अजून सत्तेचाळीस होतं. ती आकड्याकडे बघत राहिली आणि तोंडाकडे बघायचं राहून गेलं.

पाचव्या सोमवारी सकाळी निघायच्या आधी ती घाईघाईनं साल किसत होती. किसणी बोटाच्या पेरावर घसरली. कातडी जरा सोलवटली, एवढंच. पण सालीचं तेल त्यात गेलं आणि असं झोंबलं की तिच्या तोंडून हाय निघाली. नळाखाली बोट धरून ती पाच मिनिटं उभी राहिली. तरी आग जाईना. पट्टी गुंडाळून ती आप्पांना घेऊन निघाली. गोरक्षनं अर्ध्या दिवसाची रजा टाकली होती, तो थेट दवाखान्यात आला.

डॉक्टरांनी आप्पांचं तोंड उघडून टॉर्च लावला. मग त्यांनी गोरक्षला जवळ बोलावून दाखवलं. गालाची आतली बाजू, जीभ, टाळू, सगळं सोलून निघालं होतं. गोरक्षनं मान वळवली.

"शेकानं होतं, पण एवढं नाही होत," डॉक्टर म्हणाले. "यात काहीतरी झोंबणारं जातंय. रोज जातंय. काय देताय तुम्ही यांना? शेक थांबवावे लागतील आता, आणि नळीही आजच टाकावी लागेल. या तोंडानं माणूस पाणी पिऊ शकणार नाही."

तेजस्विनीनं खाली बघितलं तर तिचा अंगठा त्या पट्टीवरून फिरत होता. सकाळचं सगळं तिच्या ध्यानात आलं. नखाएवढ्या ओरखड्यानं पाच मिनिटं नळाखाली उभं केलं होतं, आणि ह्या तोंडात दिवसाला सहा गोळे जात होते. गॅलरी, पाठ, डोळ्यांतलं पाणी, लय भारी. तिनं बोलायला तोंड उघडलं.

"तंबाखू," आप्पा म्हणाले.

शब्द नीट उमटला नव्हता, पण सगळ्यांना कळला. डॉक्टरांनी टॉर्च खाली घेतला. आप्पांनी गोरक्षकडे बघितलं नाही. त्यांनी एक बोट वर करून, कारखान्यात सुपरवायझरपुढं चूक कबूल करावी तसं, पुन्हा सांगितलं, "म्या खाल्ली. चोरून."

गोरक्षचा चेहरा पांढरा पडला. तो ओरडला असता तर बरं झालं असतं. तो फक्त म्हणाला, "बास," आणि बाहेर जाऊन उभा राहिला. तेजस्विनी मिठाची गुळणी धरल्यासारखी उभी होती. आता बोल, आता बोल, असं तिचं मन तिला ढोसत होतं, आणि तोवर नर्स नळी घेऊन आली. आप्पांचे हात धरायला कुणीतरी हवं होतं. तिनं धरले. नळी नाकातून खाली जात असताना ते तिच्याकडे बघत होते, आणि त्यांच्या नजरेत राग शोधूनही तिला सापडला नाही.

घरी आल्यावर गोरक्षनं वडिलांचं कपाट उपसलं. कारखान्याच्या जुन्या निळ्या शर्टाच्या खिशात एक चुरगळलेली पुडी निघाली, आत चिमूटभर वाळलेला भुगा. चार वर्षांपूर्वीची असेल, दहा वर्षांपूर्वीची असेल. त्यानं ती आप्पांच्या पांघरुणावर टाकली आणि खोलीबाहेर गेला. आप्पांनी ती उचलून उशीखाली ठेवून दिली, जणू ती खरोखर कालचीच होती.

दुसऱ्या दिवशी गोरक्ष कामावर गेल्यावर ती पलंगापाशी जमिनीवर बसली. "का केलंत असं, आप्पा? झोंबत होतं तर बोलायचं ना. एकदा तरी बोलायचं."

आप्पांना बोलायला वेळ लागे. एक शब्द, मग थांबायचं, मग दुसरा. "आधी लय चांगलं लागलं," ते म्हणाले. "मग झोंबाया लागलं. पण तू आकडा बघून हसायची. अन् मला बी नळी नको व्हती. म्हनलं, निभंल."

"मग डॉक्टरांपुढं तंबाखू कशाला म्हणालात?"

"त्याचा माझ्यावरचा राग जुना हाय. त्याला सवय हाय त्याची. तुझ्यावरचा नवा झाला असता." मग दम घेऊन म्हणाले, "तुला त्याच्यासंगं जल्म काढायचा हाय. माझं काय, दोन महिने." तिनं मान हलवून नाही नाही म्हटलं, तेव्हा त्यांनी तिचं मनगट धरलं. "सांगू नको. सांगितलं तर माझं झोंबलेलं बी वाया जाईल."

तिनं आठवडा काढला. गोरक्ष वडिलांचं सगळं करत होता, त्यात काही कमी नव्हतं. दर तीन तासांनी दूध, पेज गाळून नळीतून घालायचा, रजा टाकून दवाखान्याला न्यायचा, अंग पुसायचा. फक्त त्यांच्याशी बोलायचा नाही आणि त्यांच्या तोंडाकडे बघायचा नाही. पिंपळगावला फोन केला तेव्हा हिरामणकाकांना म्हणाला, "तेजूनं जिवाचं रान केलं, काका. पण ज्याला स्वतःलाच जगायचं नाही त्याला कोण काय करणार?" ती दाराशी उभी राहून ऐकत होती. शिवी दिली असती तर तिला एवढी लाज वाटली नसती.

रविवारी दुपारी जेवणं झाल्यावर तिनं फ्रिजमधला स्टीलचा डबा काढून गोरक्षपुढं ठेवला. शेवटच्या घाण्यातले सात गोळे त्यात होते.

"आप्पांनी तंबाखू खाल्ली नाही," ती म्हणाली. "हे खाल्लं. मी दिलं. रोज सहा. सालीच्या तेलानं त्यांचं तोंड जळत होतं आणि मी आणखी साल घालत होते. ते मला वाचवायला खोटं बोलले."

तिनं सगळं सांगितलं. आठ मोसंब्या, वाळवलेली पूड, गॅलरी, किसणीवर सोललेलं बोट, आप्पा पलंगावर काय म्हणाले ते. काही लपवलं नाही. सांगताना एका परीनं तिला मोकळं वाटत होतं. आता तो काय म्हणेल ते म्हणो. माहेरी जा म्हणाला तरी चालेल. एकदा आत जाऊन वडिलांशी बोलू दे फक्त.

गोरक्षनं शांतपणे ऐकून घेतलं. मग त्यानं तिच्या डोक्यावरून हात फिरवला.

"त्यांनी शिकवलं ना तुला हे बोलायला?"

"नाही हो. ते तर सांगू नको म्हणाले."

"तेजू, मोसंबीनं कुणाचं तोंड जळतं का?" तो थकलेल्या आवाजात म्हणाला. "आईला शेवटी आपण काय पाजत होतो? मोसंबीच. दवाखान्याच्या दारात गाड्यावर दुसरं काय मिळतं? डॉक्टरांनी आंबट नको म्हटलं होतं. मोसंबी आंबट नसते."

"डॉक्टरांना विचारा तुम्ही."

"काय विचारू? त्यांच्यापुढं कबूल केलंय त्यांनी. पुडी माझ्या हाताला लागलीय. तू कुणासाठीही स्वतःवर घेशील, मला माहीत आहे तुझा स्वभाव. पण ह्या माणसासाठी नको घेऊस. आईनं जन्मभर तेच केलं."

त्यानं डब्यातला एक गोळा उचलला आणि तोंडात टाकला. तेजस्विनी त्याच्या चेहऱ्याकडे बघत राहिली. तो चघळत नव्हता, आपोआप विरघळू देत होता, तिनं आप्पांना शिकवलं होतं तसंच. त्याच्या धडधाकट तोंडात त्या गोळ्यानं काहीच केलं नाही. त्यानं ओठांवरची साखर जिभेनं पुसली.

"छान झालेत," तो म्हणाला. त्याचे डोळे भरून आले होते. "घरात एवढं चांगलं खायला मिळत असताना माणसाला ती घाण तोंडात घालावीशी वाटते."

तिनं त्याचा हात धरला, पुन्हा पहिल्यापासून सांगायला लागली. त्यानं मध्येच उठून घड्याळ बघितलं. नळीची वेळ झाली होती. त्यानं दूध कोमट केलं, गाळलं, मोठी सिरिंज घेतली आणि आतल्या खोलीत गेला. ती मागोमाग दारापर्यंत गेली आणि तिथंच थांबली.

गोरक्षनं वडिलांना उशीला टेकवून बसवलं, मानेखाली नॅपकिन लावला आणि नळीच्या तोंडाशी सिरिंज धरली. त्याची नजर दुधावर होती. आप्पांनी त्याच्या खांद्यावरून दाराकडे बघितलं. त्यांना बाहेरचं बोलणं ऐकू आलं नसावं. ऑपरेशनपासून डावा कान नीट चालत नव्हता. पण तिचा रडवेला चेहरा बघून ते घाबरले. त्यांनी गोरक्षला दिसणार नाही अशा बेतानं मान डावी-उजवीकडे हलवली. सांगू नको.

तेजस्विनीनं डोळे पुसले आणि मान हलवून त्यांना सांगितलं, नाही सांगत.